विमान आणि ग्लायडर पिचमध्ये स्थिर कसे राहतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाक वर-खाली होणे म्हणजे पिच. डावीकडे-उजवीकडे कलणे आणि वळणे यांत डिझाइन थोडे ढिले असले तरी पायलट सांभाळून घेतो. पिचमध्ये तेवढी सवलत नसते. नाक वर गेले की वेग पडतो आणि पुढे स्टॉल असतो, म्हणजे पंखाचा उचलण्याचा जोर ढासळतो. नाक खाली गेले की वेग वाढतो आणि पुढे जमीन असते. मॉडेल उडवणारे, ग्लायडिंग शिकणारे आणि नुसतेच कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. समीकरणे टाळली आहेत, आकडे मात्र टाळलेले नाहीत.

पिचमध्ये स्थिर म्हणजे नेमके काय?

समजा झुळूक आली, नाक दोन अंश वर गेले आणि पायलटने स्टिकला (नियंत्रणाच्या दांडीला) हातही लावला नाही. नाक आपणहून खाली यायला निघाले तर विमान स्थिर. ते आणखी वर जाऊ लागले तर अस्थिर. आहे तिथेच राहिले तर उदासीन.

इथे एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. विमानाला क्षितिज कळत नाही, फक्त समोरून येणारी हवा कळते. ती हवा पंखाला ज्या कोनात भिडते त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. स्थिर विमान परत येते ते या कोनाकडे, जमिनीशी समांतर होण्याकडे नव्हे. चढताना, उतरताना, वळणात, सगळीकडे हेच. हा फरक डोक्यात बसला नाही तर पुढची अर्धी उत्तरे विचित्र वाटतील.

नुसता पंख का उडत नाही? लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, तर तोच देतो.

बाल्सा लाकडाची एक सपाट पट्टी घेऊन आडवी फेकून बघा. ती कोलांट्या खात खाली येते. पट्टीचा गुरुत्वमध्य (यापुढे सगळ्यांप्रमाणे आपणही त्याला सीजी म्हणू) बरोबर मध्यावर असतो. कॉर्ड म्हणजे पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी. त्या हिशेबात पट्टीचा सीजी 50 टक्क्यांवर आला. पण कोन वाढला की जी जादा लिफ्ट तयार होते ती आवाजापेक्षा बऱ्याच कमी वेगात कॉर्डच्या साधारण 25 टक्क्यांवर लागते, म्हणजे सीजीच्या पुढे. कोन जरा वाढला की ही जादा लिफ्ट पुढची कड आणखी वर उचलते आणि कोन आणखी वाढतो. इथून पुढे काय होते ते तुम्ही पाहिलेच.

मग पुढच्या कडेला वजन लावून सीजी 25 टक्क्यांच्याही पुढे आणला तर? कोलांट्या थांबतात. पण वरून फुगीर असलेल्या नेहमीच्या पंखात एक नाक खाली दाबणारा जोर अंगचाच असतो. त्याला तोलायला कोणी नसल्यामुळे पंख सरळ सूर मारतो. म्हणजे कामे दोन आहेत: कोन बिघडला तर तो परत आणणे, आणि मुळात उडता येईल अशा कोनावर तोल राखणे. नुसत्या सीजीने पहिले काम होते, दुसरे होत नाही.

मग शेपूट खाली ढकलते म्हणून विमान स्थिर राहते, असेच ना?

पाठ्यपुस्तकांतले चित्र असेच असते: सीजी पुढे, लिफ्ट त्याच्या मागे आणि शेपटीवर खाली जाणारा बाण. चित्र चुकीचे नाही, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. शेपूट खाली ढकलते की वर उचलते, याने स्थिरता ठरत नाही. कोन बदलल्यावर तिचा जोर किती बदलतो, याने ठरते.

आकड्यांत बघू. सोयीसाठी सममित छेदाचा, म्हणजे वरून-खालून सारखाच फुगीर पंख धरू, म्हणजे तो अंगचा जोर हिशेबात येणार नाही. पंख हवेला 4 अंशांवर भिडतो आहे आणि शेपूट 2 अंशांवर. दोघेही वर उचलत आहेत. सीजी दोघांच्या मध्ये आहे आणि तोल साधलेला आहे. आता झुळुकेने कोन एक अंशाने वाढला. पंख 4 वरून 5 वर गेला, त्याची लिफ्ट 25 टक्क्यांनी वाढली. शेपूट 2 वरून 3 वर जायला हवी, पण पंखामागची हवा खाली वळलेली असते आणि लिफ्ट वाढली की ती जास्त वळते. या डाउनवॉशमुळे एका अंशापैकी समजा 0.6 अंशच शेपटीपर्यंत पोचला. ती 2.6 वर गेली, म्हणजे 30 टक्के वाढ. आधी दोन्ही बाजू समसमान होत्या. आता मागची बाजू 30 टक्क्यांनी वाढली आणि पुढची 25. मागची जिंकली, शेपूट वर, नाक खाली, कोन परत जागेवर.

सगळी गंमत त्या 4 आणि 2 मध्ये आहे. पुढचा पंख मागच्यापेक्षा जास्त कोनात बसवलेला हवा. मागच्याचा कोन लहान असल्यामुळे तेवढ्याच बदलाने त्याच्यात टक्केवारीने जास्त फरक पडतो. शेपूट उणे कोनात असेल, म्हणजे खाली ढकलत असेल, तरी हिशेब तोच. झुळूक आली की तिचे खाली ढकलणे कमी होते आणि परिणाम तसाच घडतो. मुक्त उड्डाणाच्या कित्येक मॉडेलांत सीजी कॉर्डच्या मध्याच्याही मागे असतो, शेपूट सतत वर उचलत असते आणि तरी ती मॉडेले छान स्थिर उडतात.

हे सर्वांत आधी कोणाला सुचले?

जॉर्ज केली यांनी 1804 मध्ये कोन बदलता येणारी शेपूट लावलेला छोटा ग्लायडर उडवला होता. पण पंख आणि शेपूट यांतल्या कोनाच्या फरकाचा पुरता फायदा उठवला तो फ्रान्सच्या आल्फाँस पेनो यांनी. रबर पिळून चालवलेले त्यांचे ‘प्लॅनोफोर’ हे मॉडेल ऑगस्ट 1871 मध्ये पॅरिसच्या त्विलेरी बागेत 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर उडाले. आत कोणी माणूस नाही, कुठलीही तार नाही. जे काही सांभाळले ते त्या उणे कोनातल्या शेपटीने. पेनो यांचे वय तेव्हा अवघे 21 होते.

न्यूट्रल पॉइंट म्हणजे काय? तो कसा काढायचा?

कोन बदलल्यावर पंख आणि शेपूट मिळून जी जादा लिफ्ट तयार होते, ती सगळी जिथे एकवटून लागते असे धरता येते तो बिंदू. सीजी त्याच्या पुढे असेल तर विमान स्थिर, मागे असेल तर अस्थिर. दोघांतले अंतर कॉर्डच्या टक्केवारीत सांगितले की त्याला स्टॅटिक मार्जिन म्हणतात. पिच स्थिरतेबद्दल एकच आकडा विचारायचा असेल तर हा विचारावा.

एक मॉडेल ग्लायडर घेऊ. पंखाचे क्षेत्रफळ 40 चौरस डेसिमीटर, कॉर्ड 20 सेंमी. शेपटीचे क्षेत्रफळ 5 चौरस डेसिमीटर आणि पंखापासूनचे तिचे अंतर 80 सेंमी. शेपटीचे क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचे क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड: 400 भागिले 800, म्हणजे 0.5. याला टेल व्हॉल्यूम म्हणतात. शेपूट लहान आणि रुंदीला बेताची असल्यामुळे ती पंखाइतकी तल्लख नसते, म्हणून 0.8 ने गुणा. डाउनवॉशसाठी 0.65 ने गुणा. उत्तर 0.26. पंखाच्या स्वतःच्या 25 टक्क्यांत हे 26 मिळवा: न्यूट्रल पॉइंट आला 51 टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून 10.2 सेंमीवर. फ्यूजलाजमुळे (विमानाच्या धडामुळे) तो प्रत्यक्षात थोडा पुढे सरकतो. 10 टक्के मार्जिन हवे असेल तर सीजी त्याच्या 2 सेंमी पुढे, 8.2 सेंमीवर ठेवायचा. नवशिक्यांनी 15 टक्के धरून 7.2 सेंमीपासून सुरुवात करावी.

0.8 आणि 0.65 हे आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे येतात, त्यामुळे मिलिमीटरपर्यंत अचूकतेचा आव आणण्यात अर्थ नाही. पण यातून दिसणारी एक गोष्ट नेहमीच खरी असते: शेपूट मोठी करणे किंवा लांब नेणे म्हणजे न्यूट्रल पॉइंट मागे ढकलणे, आणि तेवढी सीजीला मोकळीक.

सीजी पुढे नेला की स्थिरता वाढते, तर मग तो अगदी पुढेच का ठेवत नाहीत?

किंमत मोजावी लागते म्हणून. नाक जड झाले की ते वर धरून ठेवायला शेपटीला जोरात खाली ढकलावे लागते. तेवढी जादा लिफ्ट पंखाला द्यावी लागते आणि दोन्हींचा ड्रॅग (हवेचा अडथळा) भरावा लागतो. ग्लायडरला हा खर्च फार बोचतो, म्हणून स्पर्धेत उडणारे पायलट सीजी परवानगीच्या हद्दीत शक्य तितका मागे ठेवतात. काही मोठ्या जेट विमानांत शेपटीतही इंधनाची टाकी असते. क्रूझमध्ये तिकडे इंधन पाठवून सीजी मागे आणतात आणि इंधन वाचवतात.

दुसरी अडचण जमिनीजवळची. सीजी फार पुढे असेल तर लँडिंगच्या मंद वेगात स्टिक पोटापर्यंत ओढूनही नाक पुरेसे वर येत नाही. त्यात जमिनीलगत डाउनवॉश कमी होतो, त्यामुळे नाक आणखी खाली जाऊ पाहते. सीजीची पुढची हद्द बहुधा इथेच ठरते.

आणि मागे गेला तर?

सुरुवातीला विमान उलट छान वाटते. स्टिक हलकी, नाक चटकन वळते. आणखी मागे गेला की पायलट सतत दुरुस्त्या करत राहतो आणि थकतो. न्यूट्रल पॉइंट ओलांडला की दुरुस्ती करायला वेळ फारच कमी उरतो. स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली जाण्यातून) बाहेर येणे तर त्याच्या बरेच आधी अवघड होऊन बसते.

8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लट इथे एअर मिडवेस्टचे फ्लाइट 5481 उड्डाण घेताच नाक वर करत गेले आणि कोसळले. विमानातले सर्व 21 जण गेले. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: देखभालीच्या वेळी एलिव्हेटरची (आडव्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाची) केबल चुकीची जुळवल्यामुळे नाक खाली करायची ताकद कमी झाली होती, आणि विमान जड असून सीजी मागच्या हद्दीबाहेर होता. कागदावर मात्र सगळे नियमात होते, कारण प्रवाशांचे वजन सरासरी धरले होते आणि माणसे त्या सरासरीपेक्षा जड होती. यानंतर अमेरिकेत सरासरी वजनाचे आकडे वाढवण्यात आले.

ग्लायडरमध्ये पायलटचे ‘किमान’ वजन का लिहिलेले असते? हलका माणूस तर चांगलाच ना?

कॉकपिटमधली ती पाटी नीट वाचा. कमाल वजनापेक्षा किमान वजन जास्त महत्त्वाचे असते. पायलट पंखाच्या पुढे बसतो, म्हणजे नाकातले वजन तोच. समजा ग्लायडर आणि पायलट मिळून 320 किलो आहेत आणि पायलट सीजीच्या 80 सेंमी पुढे बसतो. 70 किलोच्या जागी 55 किलोचा माणूस बसला. 15 किलो गुणिले 80 सेंमी, भागिले 305 किलो: सीजी जवळपास 4 सेंमी मागे सरकला. पंखाची कॉर्ड 70 सेंमी असेल तर हे साडेपाच टक्क्यांच्या वर झाले. 10 टक्के मार्जिनमधले निम्म्याहून जास्त गेले, तेही नुसता माणूस बदलल्याने.

म्हणूनच सीटखाली किंवा पेडलांच्या पुढे शिशाचे गोळे किंवा पट्ट्या लावायची सोय असते. त्या बोल्टने घट्ट बसवायच्या. उशीखाली सरकवून ठेवलेले शिसे उसळी बसली की निघून स्टिकच्या किंवा पेडलांच्या वाटेत येते.

पाण्याच्या बॅलास्टचाही (मुद्दाम भरलेल्या जादा वजनाचाही) असाच घोळ असतो. बऱ्याच ग्लायडरांत पंखांतले पाणी सीजी पुढे नेते, म्हणून तो सावरायला शेपटीच्या उभ्या पंखात एक छोटी टाकी असते. पंख रिकामे झाले आणि शेपटीतले पाणी गोठून किंवा व्हॉल्व्ह अडकून तसेच राहिले तर उतरताना सीजी मागे पडतो. लांबच्या टोकाला काही मोजकेच किलो पुरतात.

उंच पंखाचे विमान लंबकासारखे खाली लटकते, म्हणून जास्त स्थिर असते का?

पिचमध्ये जवळपास नाही. लंबकाला टेकू वर बांधलेला असतो. विमान हवेत कुठेच बांधलेले नाही, ते स्वतःच्या सीजीभोवतीच फिरते. पॅराग्लायडरमध्ये पायलट कित्येक मीटर खाली असतो, तिथे ही गोष्ट खरोखर मोजावी लागते. हँग ग्लायडरमध्ये तर पायलट स्वतःचे शरीर पुढे-मागे करून सीजी हलवतो. जर्मनीचे ओटो लिलिएंथाल असेच उडत. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्यांचा ग्लायडर स्टॉल होऊन नाकावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. नुसते शरीर हलवून मिळणारा जोर केवढा तोकडा असतो, हे त्या अपघाताने राइट बंधूंच्या मनावर कोरले गेले.

ट्रिम (स्टिक सोडली तरी ती एका जागी राहील अशी मांडणी) लावल्यावर विमान काय धरून ठेवते: उंची, वेग की नाकाची दिशा?

कोन. अँगल ऑफ अटॅक. वेग त्याच्या मागून येतो, कारण ठरावीक कोनात ठरावीक वजन तोलायला एकच वेग लागतो. म्हणून ग्लायडर 90 किमी वेगाला ट्रिम करून स्टिक सोडली की तो 90 च्या आसपास राहतो. त्याच ट्रिमवर बॅलास्ट भरला तर तो आपणहून जास्त वेगाने उडेल. वजन 21 टक्क्यांनी वाढले की वेग 10 टक्क्यांनी, कारण वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पॉवर वाढवली तर तोच वेग राखून विमान चढू लागते. मात्र थ्रस्टची (इंजिनाच्या पुढे ढकलणाऱ्या जोराची) रेषा सीजीच्या बरीच वर असेल, जसे खांबावर इंजिन असलेल्या मोटर ग्लायडरमध्ये असते, तर पॉवर वाढवताच आधी नाक खाली दबते. पहिल्या वेळी हे चमकवते.

ट्रिम करूनही ग्लायडर हळूहळू वर-खाली लाटा घेत जातो. काही बिघडले आहे का?

नाही. याला फ्यूगॉइड म्हणतात. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचे गणित मांडले. नाक खाली, वेग वाढतो, वेगामुळे लिफ्ट वाढते, विमान वर वळते, वर जाताना वेग गमावते, पुन्हा खाली. कोन जवळपास तोच राहतो, उंची आणि वेग यांची अदलाबदल होत राहते.

लँचेस्टर यांच्या हिशेबात एका लाटेचा काळ विमानाच्या आकारावर अवलंबून नाही, फक्त वेगावर आहे: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाला 0.45 ने गुणा, सेकंद मिळतील. 5 मीटर वेगाच्या मॉडेलला सव्वादोन सेकंद, 25 मीटर वेगाच्या ग्लायडरला 11 सेकंदांच्या वर, 230 मीटर वेगाच्या प्रवासी जेटला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. ड्रॅग जितका कमी तितकी लाट उशिरा शमते, त्यामुळे गुळगुळीत ग्लायडरला हा त्रास जास्त. पायलटला मात्र तो जाणवतही नाही, कारण एवढ्या संथ गोष्टीला हात नकळत सावरतो.

हातात काहीच उरत नाही तेव्हा गोष्ट वेगळी. 19 जुलै 1989 रोजी युनायटेडच्या फ्लाइट 232 या डीसी-10 विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. एकही कंट्रोल हलेना. कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांची पॉवर कमी-जास्त करत फ्यूगॉइड लगामात ठेवायचा प्रयत्न केला. लाट वर असतानाच पॉवर कमी करायची आणि खाली येण्याआधीच वाढवायची, म्हणजे डोळ्यांना दिसते त्याच्या उलट. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळून तुटले, पण 296 जणांपैकी 184 जण वाचले.

आणि ती जलद थरथर? काही विमाने पिचमध्ये फार ‘चावरी’ वाटतात.

ती दुसरी हालचाल, शॉर्ट पिरियड. हिच्यात वेग बदलायला वेळच मिळत नाही, फक्त कोन डोलतो आणि चांगल्या विमानात एक-दोन डोलांत शांत होतो. हिचा काळ माणसाच्या प्रतिक्रियेच्या वेळेजवळ आला की पायलट दुरुस्ती करायला जातो आणि ती नेमकी चुकीच्या क्षणी पोचते. अख्खी आडवी शेपूट हलणारे स्टँडर्ड सिरस ग्लायडर पिचमध्ये असेच हळवे म्हणून ओळखले जाते. उपाय साधा आहे: मनगट मांडीवर टेकवा, स्टिक बोटांनी धरा, आणि डोलू लागले तर दुरुस्ती थांबवून स्टिक एका जागी स्थिर धरा.

राइट बंधूंनी शेपूट पुढे लावली होती. मग ते कसे उडाले?

कसेबसे. 17 डिसेंबर 1903 च्या चारही उड्डाणांत फ्लायर वर-खाली उसळ्या घेत गेले. शेवटचे उड्डाण 59 सेकंद आणि 852 फूट चालले आणि अशाच एका सुरात जमिनीवर आदळून संपले. फ्लायरचा सीजी न्यूट्रल पॉइंटच्या मागे होता. ते पिचमध्ये अस्थिर होते आणि ऑरव्हिल व विल्बर हाताच्या कसबाने ते आवरत होते. 1904 मध्ये त्यांनी पुढे 70 पौंड लोखंड बांधून पाहिले. 1910 च्या मॉडेल बी मध्ये एलिव्हेटर शेवटी मागे गेला.

पुढे छोटा पंख असला की विमान अस्थिरच, असे मात्र नाही. 4 आणि 2 अंशांचा नियम इथेही चालतो: पुढचा छोटा पंख मोठ्यापेक्षा जास्त कोनात बसवायचा आणि सीजी पुरेसा पुढे ठेवायचा. बर्ट रुटान यांचे 1975 चे व्हेरीईझ असेच आहे. त्यात पुढचा पंख आधी स्टॉल होतो, नाक हळूच खाली येते आणि मुख्य पंख स्टॉलपर्यंत पोचतच नाही.

ज्यांना शेपूटच नाही ती विमाने?

त्यांनी शेपूट पंखातच लपवलेली असते. पंख मागे वळवलेला असेल तर टोके सीजीच्या मागे येतात. त्यांना पिळून कमी कोन दिला की तीच शेपटीचे काम करतात. जर्मनीच्या होर्टेन बंधूंचे ग्लायडर या पद्धतीचे. पंख सरळ असेल तर मागची कड किंचित वर वळवतात. कागदी विमानाची मागची कड वर दुमडली की ते सूर मारायचे थांबते, ते याच कारणाने.

माझ्या मते यातला सर्वांत देखणा नमुना माणसाने केलेलाच नाही. आग्नेय आशियातल्या अल्सोमिट्रा वेलीचे बी साधारण 13 सेंमी रुंदीच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत जाते. बी पुढे, कडा मागे वळलेल्या आणि जराशा वर उचललेल्या. इगो एट्रिक यांनी या बियांवरूनच आपले पहिले ग्लायडर आखले.

लढाऊ विमाने मुद्दाम अस्थिर का करतात?

स्थिर विमान वळायला कुरकुरते. त्याची शेपूट आधी खाली ढकलून लिफ्ट खाते. अस्थिर विमानात हा तोटा नाही. शिवाय आवाजाच्या वेगापलीकडे पंखाचा तो 25 टक्क्यांचा बिंदू 50 टक्क्यांकडे सरकतो. जे विमान कमी वेगात स्थिर आहे ते तिथे नको तितके स्थिर होऊन बसते. कॉन्कॉर्डने यावर तोडगा म्हणून कित्येक टन इंधन मागच्या टाकीत पंप करून सीजी हलवला. लढाऊ विमानांनी अस्थिरता पत्करून संगणक बसवला. तळहातावर उभी काठी तोलावी तसे हे काम आहे, फक्त हात माणसाचा नाही. 1974 मध्ये उडालेले एफ-16 या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल. 4 जानेवारी 2001 रोजी प्रथम उडालेले तेजसही याच घराण्यातले. अमेरिकेच्या एक्स-29 मध्ये मार्जिन उणे 35 टक्के होते आणि संगणक सेकंदाला 40 वेळा दुरुस्ती करत असे.

बोइंगची 737 मॅक्स ही प्रवासी विमाने याच कारणाने पडली का?

ती विमाने एफ-16 सारखी अस्थिर नव्हती. मोठी इंजिने पुढे आणि वर बसवल्यामुळे मोठ्या कोनात इंजिनांची कवचेही लिफ्ट देऊ लागली आणि स्टिक ओढताना लागणारा जोर हवा तसा वाढेना. ते झाकायला एमकॅस ही प्रणाली आडवी शेपूट हलवून नाक खाली करत असे, आणि ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सर खोटे बोलला तरी ती नाक खाली दाबत राहिली. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 च्या दोन अपघातांत 346 माणसे गेली.

टी-टेल, म्हणजे उभ्या पंखाच्या माथ्यावर बसवलेली आडवी शेपूट, धोक्याची असते का?

बहुतेक ग्लायडरांना तीच असते आणि उत्तम चालते: उतरताना झुडपांपासून वर, पंखाच्या विस्कटलेल्या हवेपासून दूर. धोका फार मोठ्या कोनात असतो, जेव्हा शेपूट नेमकी पंखाच्या त्या विस्कटलेल्या हवेत सापडते आणि एलिव्हेटरला पकड राहत नाही. 22 ऑक्टोबर 1963 रोजी बीएसी वन-इलेव्हनचा नमुना चाचणीत असाच अडकला आणि सात जण गेले. त्यानंतर अशा जेट विमानांत स्टॉलआधीच स्टिक पुढे ढकलणारी यंत्रणा आली.

ग्लायडरमध्ये याहून साधी गोष्ट जास्त घात करते: जोडणी करताना एलिव्हेटर जोडायचाच राहणे. म्हणून उड्डाणाआधी एकाने मागे जाऊन एलिव्हेटर हाताने हलकेच धरायचा आणि दुसऱ्याने स्टिक त्या जोराविरुद्ध हलवायची. नुसते हलताना पाहणे पुरत नाही. सुटलेला एलिव्हेटरही वाऱ्याने हलतो.

माझ्या मॉडेलचा सीजी बरोबर आहे का, हे कसे ओळखू?

डाइव्ह टेस्ट करा. शांत हवेत, भरपूर उंचीवर, मॉडेल नेहमीच्या ग्लाइडला ट्रिम करा. मग 30 ते 45 अंशांच्या सुरात न्या, स्टिक मोकळी सोडा आणि बाजूने पाहा. झपकन नाक वर काढले तर सीजी फार पुढे आहे: जड नाक उचलायला तुम्ही एलिव्हेटर वर ट्रिम केला होता आणि वेग वाढताच तो वरचढ झाला. हळूहळू, मोठ्या वळणात बाहेर आले तर ठीक. सरळ रेषेत जात राहिले तर न्यूट्रल पॉइंट जवळ आला आहे. अनुभवी माणसे इथेही उडवतात, नवशिक्यांनी उडवू नये. सूर आणखी तीव्र झाला तर ताबडतोब ओढून बाहेर काढा आणि नाकात वजन घाला. पंख लवचीक असतील तर वेगात पिळवटून ते भलतेच उत्तर देतात, म्हणून फार खोल सूर नको.

सीजी एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा आणि प्रत्येक बदलानंतर एलिव्हेटर नव्याने ट्रिम करा, नाहीतर पुढची चाचणी नेमकी कशाची झाली तेच कळत नाही.